नोकरी सुटली की घराचं काय?

शिक्षक, नर्स, पोलीस, सफाई कामगार. यांच्यावाचून शहराचं पान हलत नाही, पण त्याच शहरात परवडणारं घर यांना मिळत नाही. या विषयावर आता जगभर बरंच लिहून झालंय. इंग्लंडमध्ये अशा लोकांना 'की वर्कर' म्हणतात. 2004 मध्ये तिथल्या सरकारने लंडन आणि आसपासच्या भागात त्यांच्या घरखरेदीला मदत करणारी योजना आणली. कॅलिफोर्नियात डेली सिटी इथल्या शाळांच्या प्रशासनाने मतदारांची मंजुरी घेऊन कर्जरोखे काढले आणि आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 122 घरं बांधली. 2022 मध्ये लोक तिथे राहायला गेले.

प्रबंधासाठी हे सगळं वाचावं लागतं. आकडेमोड बहुतेक ठिकाणी चोख असते. माझा आक्षेप आहे तो काय मोजलं जातं याला. साधारण तीन गोष्टी मोजतात: पगारातला किती वाटा घरावर जातो, घर कामापासून किती लांब आहे, आणि घर मिळाल्यावर माणूस नोकरीत टिकतो का. यातली तिसरी गोष्ट नीट पाहा. तो प्रश्न मालकाचा आहे, राहणाऱ्याचा नाही. राहणाऱ्याचा प्रश्न असा, की नोकरी संपल्यावर मी जाऊ कुठे? तक्त्यात त्याला रकाना क्वचितच सापडतो.

गंमत म्हणजे हा प्रश्न इंग्लंडला नवा नाही. तिथे शेतमजुरांना मालकाच्या घरात राहावं लागायचं, आणि काम सुटलं की घरही सुटायचं. त्याविरुद्ध मोठा लढा झाला आणि 1976 मध्ये कायद्याने त्या कुटुंबांना संरक्षण मिळालं. तरीही 2004 च्या योजनेत ठरलेल्या पेशातली नोकरी सोडली की मदतीची रक्कम परत करण्याची अट होतीच. संशोधकांनी ही जुनी ओळख लावायला हवी होती, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे येऊ, कारण नोकरीला बांधलेल्या घराचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या कसे होतात हे मुंबईइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. महापालिकेचे सफाई कामगार 28-29 हजारांच्या आसपास. त्यांच्यापैकी सुमारे साडेपाच हजारांनाच सेवानिवासस्थान आहे. वसाहती दादरच्या कासारवाडीसारख्या मोक्याच्या जागी. जुनी खोली दीडशे चौरस फुटांच्या आसपास, पण पत्ता असा की त्या पगारात बाजारात तिथे खाटही ठेवता येणार नाही. कामगार निवृत्त झाला की खोली रिकामी करायची. मग घरात दुसरा हिशोब सुरू होतो. लाड समिती (1972) आणि पागे समिती (1975) यांच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला तीच नोकरी मिळू शकते. वारस कामाला लागला, की सहसा खोलीही वाचते. म्हणजे बारावी झालेल्या किंवा पदवी घेतलेल्या मुलाच्या हाती झाडू येतो तो निव्वळ पगारासाठी नाही, आईबापांच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ नये म्हणून. जी जात या कामाला बांधली गेली तिची पुढची पिढीही त्याच कामाला बांधली जाते, आणि त्या गाठीला घर धरून ठेवतं. अभ्यासाच्या भाषेत हे 'कर्मचारी टिकवण्यात यश' म्हणून नोंदवलं जाईल! शंभर टक्के यश.

लाड-पागे शिफारशी रद्द करा असं मी म्हणत नाहीये. आहे ती एक सुरक्षा काढून घेणं हा उपाय नव्हेच. नोकरी आणि घर यांची गाठ सोडवा, एवढंच म्हणणं आहे. कंत्राटी सफाई कामगारांना तर ही गाठसुद्धा नशिबी नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 2,700 जण कायम झाले, तेही वर्षानुवर्षं लढून.

शिक्षकांची गोष्ट याच्या अगदी उलटी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच राहायचं असा नियम. 2019 पासून त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडा, मग घरभाडे भत्ता घ्या, असा आदेशही आला. आता वाडी-पाड्यावर भाड्याची खोली कुठून आणायची, याचं उत्तर आदेशात नाही. मग कागदोपत्री सगळे गावात राहतात आणि रोज सकाळी मोटारसायकली तालुक्यातून निघतात. विधिमंडळात यावर जोरात वाद झाले, शिक्षक खोटारडे ठरले. सरकारने त्या गावात किती निवासस्थानं बांधली, हे कुणी तितक्या जोरात विचारलं नाही.

सेवानिवासस्थान मालकीचं होऊच शकत नाही, असं कुणी सांगितलं तर वरळीकडे बोट दाखवावं. बीडीडी चाळीतल्या पोलिसांच्या कुटुंबांना घरं मालकीची देण्याचं सरकारने मान्य केलं; किंमत आधी 50 लाख सांगितली, मग 25, आणि शेवटी 2022 मध्ये 15 लाखांवर आली. सफाई कामगारांसाठीही राज्याची श्रमसाफल्य योजना आहे, 25 वर्षं सेवा झालेल्यांना मालकीचं घर देणारी. तेव्हा वाट आहे. मुंबईत मात्र महापालिका 'आश्रय' योजनेखाली जुन्या वसाहती पाडून उंच इमारती बांधते आहे. खोली 300 चौरस फुटांची, स्वतंत्र संडास, लिफ्ट. जुन्या खोलीच्या मानाने हे नक्कीच चांगलं आहे, आणि उद्घाटनाच्या दिवशी परवडणाऱ्या घरांच्या यादीत ही संख्या जमाही होईल. पण ही घरंसुद्धा सेवानिवासस्थानंच आहेत. निवृत्तीच्या दिवशी चावी परत द्यायची, नाहीतर वारस कामावर लावायचा.

माझ्या तक्त्यात मी चौथा रकाना घातलाय: नोकरी संपल्यानंतर कुटुंब कुठे गेलं. तो भरणं फार अवघड जातंय, कारण खोली रिकामी झाल्याची नोंद कार्यालयात असते, माणसं कुठे गेली याची नसते.