शिबिर कोणासाठी आणि यश कोणाचे?

दहावी-बारावीच्या सुट्टीत करिअर मार्गदर्शनाची शिबिरे आता तालुक्याच्या गावीही भरतात. आरोग्यक्षेत्राचा विषय निघाला की तेथे एकच समीकरण मांडले जाते: आरोग्य म्हणजे डॉक्टर, आणि डॉक्टर म्हणजे 'नीट' परीक्षा व लातूरचे क्लास. सार्वजनिक आरोग्य नावाचे एक स्वतंत्र कार्यक्षेत्र आहे, ही गोष्ट बहुतेक विद्यार्थ्यांच्या कानावरही येत नाही. अमेरिकेत अल्पसंख्याक समाजांतील विद्यार्थ्यांना या क्षेत्राची ओळख करून देणारे उन्हाळी उपक्रम चालतात. परभणी जिल्ह्यात मुस्लिम व बौद्ध समाजांची संख्या लक्षणीय आहे, उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. तेव्हा असे उपक्रम येथे व्हावेत, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटते. मात्र नमुना उचलण्यापूर्वी तो तपासून घेतला पाहिजे.

प्रथम सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय ते पाहू. जुन्या शिक्षकांना नारू आठवत असेल. या रोगावर ना लस होती, ना जंत मारणारे औषध. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी उतरला की जंताची पिल्ले पाण्यात जात, तेथील सायक्लॉप्स हा सूक्ष्म जीव ती गिळी आणि ते पाणी पिणाऱ्याला पुढे नारू होई. पायऱ्या बंद करणे, पाणी फडक्याने गाळणे, विहिरीत टेमेफॉस टाकणे आणि घरोघर रोगी शोधणे या चार उपायांनी साखळी तुटली. २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. हे काम केवळ डॉक्टरांचे नव्हते. आरोग्यसेवक, अभियंते, कीटकशास्त्रज्ञ, आकडे जुळवणारे कारकून आणि शिक्षक या सर्वांचे ते काम होते.

आता अमेरिकेचा नमुना घेऊ. रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठानने १९८० च्या दशकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व मूळनिवासी विद्यार्थ्यांसाठी सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू केला. आरंभी तो वैद्यकीय प्रवेशापुरता होता. २०१६ मध्ये त्याची पुनर्रचना होऊन सार्वजनिक आरोग्यासह इतर शाखा त्यात आल्या. या उपक्रमाची दोन वैशिष्ट्ये आपण निःसंकोच घ्यावीत. एक, सहा आठवडे हा खरोखर काही शिकण्याइतका काळ आहे. दोन, विद्यार्थ्याला राहणे-जेवण व विद्यावेतन मिळाले, म्हणजे सुट्टीतली मजुरी बुडते म्हणून गरीब मुलगा बाहेर राहिला नाही.

या वर्गाच्या यशाचा अभ्यास १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. वैद्यकीय प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्यांपैकी वर्गाला गेलेल्या सुमारे ४९ टक्के विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला, न गेलेल्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. परीक्षेतील गुण व इतर बाबी जमेस धरूनही फरक टिकला, हे अभ्यासकांनी प्रामाणिकपणे तपासले होते. तरीही दोन प्रश्न उरतात. उन्हाळी वर्गाला जाण्याची धडपड करणारा विद्यार्थी मुळातच अधिक जिद्दी असेल, तर त्याच्या जिद्दीचे श्रेय वर्गाला किती द्यायचे? जिद्दीचा रकाना गुणपत्रिकेत नसतो. दुसरे असे की, ज्यांनी पुढे अर्जच केला नाही, ते या हिशेबात येतच नाहीत. खतांचा प्रयोग करताना चांगल्या जमिनीत नवे खत आणि मुरमाड जमिनीत जुने खत टाकून कोणी उतारा मोजत नाही. शिबिरांचे यश मोजताना मात्र आपण नेमके तसेच करतो.

आपल्याकडे हा दोष अधिक ठळक आहे. केंद्र शासनाने २००८ मध्ये सुरू केलेल्या 'इन्स्पायर' योजनेतील पाच दिवसांची विज्ञान शिबिरे पाहा. त्यांत प्रवेश कोणाला, तर दहावीत पहिल्या एक टक्क्यात येऊन अकरावीला विज्ञान घेणाऱ्यांना. शास्त्रज्ञांशी भेट घडवण्याचा हेतू उत्तम आहे. परंतु सार्वजनिक आरोग्यासाठी हीच चाळणी लावली तर पाथरी किंवा पूर्णा येथील उर्दू शाळेत साठ टक्के मिळवून कला शाखेला गेलेली मुलगी दारातच अडते. या क्षेत्राला मात्र तिची गरज असते. उत्तर प्रदेशातील पोलिओ मोहिमेत नकार देणाऱ्या घरांची दारे उघडली ती त्याच मोहल्ल्यांतील कार्यकर्त्यांमुळे, मुख्यतः स्त्रियांमुळे. २०२२ मध्ये मुंबईतील गोवंडी, मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ आली तेव्हा लसीकरणातील उणिवांबरोबरच विश्वासाचा प्रश्नही पुढे आला.

येथे एक सावधगिरीही हवी. उर्दू येते म्हणून त्या मुलीला आयुष्यभर त्याच मोहल्ल्यात मानधनावर फिरवणे, हा उपक्रमाचा हेतू असता कामा नये. आरोग्यसेविका, स्वच्छता निरीक्षक, हिवताप कार्यालयातील कीटकसमाहारक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, साथरोगतज्ज्ञ या सर्व वाटा तिला दिसल्या पाहिजेत.

औपचारिक शिक्षण कमी असणे हा अडसर नाही, हे जामखेडने दाखवून दिले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले. त्यांच्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांपैकी अनेक स्त्रिया निरक्षर होत्या, काही दलित होत्या. त्यांचे प्रशिक्षण एका शिबिरात संपले नाही. त्या आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत, गावात काय घडले ते सांगत आणि त्यातूनच शिकत. पाच दिवसांत प्रेरणा देऊन निरोप घेणाऱ्या शिबिरांनी हा धडा घ्यावा.

मग परभणीत काय करता येईल? २०२३ पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यातील सामाजिक वैद्यकशास्त्र विभाग, एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि चार-पाच शाळा एकत्र आल्या तरी पुरे. विषय साधा घ्यावा. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब घातले की क्लोरिनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो. द्रव्य विषारी आहे, म्हणून थेंब शिक्षकांनीच घालावेत व ते पाणी पिऊ नये. शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन हवा. टाकीजवळ, गल्लीच्या मध्यावर आणि शेवटच्या नळावर अशा नोंदी महिनाभर सकाळी, उन्हे चढण्याच्या आत, घेतल्या आणि नकाशावर मांडल्या, तर रंग कोठे नाहीसा होतो ते दिसेल. तो का नाहीसा होतो, हे शोधताना टीसीएल पावडरचा साठा, फुटकी जलवाहिनी, गटार आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हे सारे अभ्यासक्रमात येतील. रोज घरी परतता येत असल्याने मुलींना परवानगी मिळणेही सोपे जाईल. विद्यावेतन मात्र अवश्य द्यावे.

निवड गुणांवर करू नये. इच्छुकांचे अर्ज घ्यावेत आणि जागा कमी असतील तर सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्यात. पाच वर्षे दोन्ही याद्या जपाव्यात, ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची आणि ज्यांची निघाली नाही त्यांचीही. चिठ्ठी गुण पाहत नाही, जातधर्म पाहत नाही आणि जिद्दही पाहत नाही. म्हणून दोन याद्यांत पुढे जो फरक पडेल, त्याचे श्रेय शिबिराला देता येईल. फरक पडला नाही, तर शिबिर बदलावे. मुलांना दोष देऊ नये.