अनुकरण की उलटतपासणी? : पुष्पमाला एन. यांच्या छायाचित्रांतील रविवर्मा

छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांना एखाद्या चित्रकाराच्या तंत्रावर आधारित प्रकल्प दिला जातो, तेव्हा मूळ चित्राशी असलेले साम्य हाच मूल्यमापनाचा मुख्य निकष ठरतो. (प्रस्तुत लेखिकेनेही काही वर्षे हेच केले आहे.) हा निकष कितपत ग्राह्य आहे, याचा विचार ‘नेटिव्ह विमेन ऑफ साऊथ इंडिया : मॅनर्स अँड कस्टम्स’ (२०००-२००४) या छायाचित्रमालिकेच्या आधारे येथे करावयाचा आहे. पुष्पमाला या मूळच्या शिल्पकार. बंगळूरच्या छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्या साहाय्याने त्यांनी ही मालिका साकारली. कॅमेऱ्यासमोर नायिका म्हणून त्या स्वतःच उभ्या राहिल्या.

मालिकेतील एक छायाचित्र राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांच्या ‘लेडी इन द मूनलाइट’ (१८८९) या तैलचित्रावर बेतलेले आहे. बैठक, वस्त्र, पाणी, चांदणे असे सारे मुळाबरहुकूम आहे. तरीही दोन्ही कृतींचा परिणाम सर्वस्वी भिन्न होतो, आणि याचे कारण माध्यमात आहे. तैलरंगात कडा विरघळतात. त्वचा, साडी आणि रात्र एकाच द्रव्याने घडलेली असल्यामुळे चांदणे खरे वाटते. कॅमेऱ्यासमोर मात्र कापड कापडच राहते आणि रंगवलेला पडदा रंगवलेलाच दिसतो. चंद्रप्रकाशाच्या जागी स्टुडिओतील दिव्याचा प्रकाश जाणवतो. रविवर्म्यांच्या रचनेत मुळातच असलेली, परंतु रंगांच्या मार्दवाखाली झाकलेली रंगभूमीसदृश मांडणी अशा प्रकारे उघडी पडते. तंत्र उसने घेऊन त्याच तंत्राची साक्ष काढण्याचा हा प्रकार होय. त्यास नक्कल म्हणणे मला मान्य नाही.

रविवर्म्यांच्या लक्ष्मीवर आधारलेले छायाचित्र मात्र तितके परिणामकारक वाटत नाही. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळील मळवलीस हलविलेल्या रविवर्म्यांच्या छापखान्याने देवदेवतांची चित्रे घरोघरी पोचविली. आपल्याकडील देवघरांत ती लक्ष्मी इतकी रुळली आहे की, प्रेक्षक तिला ओळखतो, किंचित हसतो आणि पुढे सरकतो.

याच मालिकेत एकोणिसाव्या शतकातील मानवमितीच्या छायाचित्रांचेही अनुकरण आहे. त्या छायाचित्रांत चौकटी आखलेल्या पार्श्वभूमीपुढे माणसाला मोजमापाची वस्तू म्हणून उभे केले जाई. त्या जागी पुष्पमाला स्वतः उभ्या राहतात. सुंदर स्त्रीचे तैलचित्र आणि ‘नमुना’ म्हणून मोजलेली स्त्री एकाच मालिकेत आल्यामुळे दोहोंमागील पाहणाऱ्याची नजर परस्परांच्या शेजारी येऊन बसते. ‘प्रोसेस सिरीज’ या विभागात तर छायाचित्रे घेतानाची तयारीही दाखविलेली आहे.

येथे एक प्रश्न उरतो. कॅमेरा आर्नी हाताळत असताना कर्तृत्व कोणाचे मानावयाचे? समीक्षालेखनात बहुधा पुष्पमालांचेच नाव पुढे येते. प्रकाशयोजनेतील तांत्रिक अचूकतेवरच वरील सारा युक्तिवाद उभा असल्याने, हे श्रेयवाटप मला अपुरे वाटते.