सिनेटच्या दारात मराठी

मुंबई विद्यापीठाच्या सिनेटचा इतिहास मी वाचतो तो मराठीच्या वनवासाचा म्हणून. १८५७ च्या कायद्याने कारभार सरकारनियुक्त फेलोंकडे गेला आणि काही वर्षांतच देशी भाषा वरच्या परीक्षांतून हद्दपार झाल्या. त्या परत याव्यात म्हणून न्या. रानडे यांनी सिनेटमध्येच वर्षानुवर्षे खटपट केली; एम.ए.ला मराठी आली ती त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस. १९०४ च्या कायद्याने फेलो शंभरांवर रोखले, त्यांतले बहुसंख्य कुलपतींनी नेमलेले. गोखल्यांचा विरोध होता तो या सरकारी पकडीला. आज सिनेटची, म्हणजे अधिसभेची, निवडणूक गाजते. अभ्यासक्रमावर शिक्का मात्र विद्यापरिषदेचा. आणि तिथे निवडून आलेले थोडे, बाकी पदसिद्ध किंवा नियुक्तच.