लिहायला शिकवणाऱ्यांबद्दल

हल्ली लेखन शिकवणाऱ्यांचं पीक आलंय. कथा शिका, कविता शिका, दोन दिवसांत कादंबरीचा आराखडा शिका. फी भरा, चहा-बिस्कीट घ्या, प्रमाणपत्र घेऊन घरी जा. आपली पोरंही जातात. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण तिथं नेमकं काय शिकवतात ते तपासल्याशिवाय खिशात हात घालू नका. मेसचे पैसे असल्या शिबिरात भरलेला एक पोरगा मला माहीत आहे.

त्याची वही माझ्यापुढं आहे, मार्गदर्शकांनी लाल शाईनं तपासलेली. (नाव सांगत नाही. माणूस सभ्य आहे, आणि प्रश्न एका माणसाचा नाही.) पोरानं लिहिलं होतं : 'पाटलाच्या वाड्याच्या मागल्या दारानं माय भाईर आली, पदरात शिळंपाकं.' त्याचं झालं : 'आई मागच्या दाराने बाहेर आली. तिच्या पदरात शिळे अन्न होते.'

वाडा आधी एकदा येऊन गेला म्हणून पुनरुक्ती टाळली म्हणे. मग दार कुणाचं? वाचणाऱ्याला वाटणार, मायच्याच घराचं. अरे, आमच्या घराला दारच एक! मागलं दार असायला घराला मागची बाजू तर पाहिजे. एका काटाकाटीत पाटील सुटला आणि मायला फुकटात दोन दारांचं घर मिळालं. शिळं अन्न वाड्यातही असतं. ते वाड्याबाहेर दुसऱ्याच्या पदरात पडलं की शिळंपाकं होतं. आणि पोराचं वाक्य त्या शब्दावर क्रियापदाशिवाय तुटत होतं. आधी वाडा, मग दार, मग माय, मग पदर, अशी नजर खाली खाली येत होती. 'होते' लावून मार्गदर्शकांनी सगळं गार केलं. व्याकरण शुद्ध झालं, घडलेली गोष्ट बदलली.

त्यांची एक दुरुस्ती मात्र बरोबर आहे. पोरानं शेवटी लिहिलं होतं, 'हा अन्याय कधी संपणार?' ते त्यांनी उडवलं. उडवायलाच हवं होतं. पदरातल्या शिळ्यापाक्यानं जे दाखवलं त्यावर पुन्हा भाषण कशाला?

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातही एक दुखणं आहे. आमचा अनुभव अस्सल, आम्हाला कुणी काय शिकवायचं, असं छातीठोकपणे म्हणणारे कार्यकर्ते भेटतात. पुरावा म्हणून अण्णाभाऊंची दीड दिवसाची शाळा पुढं करतात. पण त्या दीड दिवसानंतर अण्णाभाऊ काय करत होते? 1944 पासून अमर शेख, गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक. समोर गिरणी कामगार, दिवसभराच्या पाळीनं थकलेले. शब्द पोचला नाही तर तिथल्या तिथं कळतं. यापेक्षा कडक शाळा कुठली?

अनुभव तर वस्तीतल्या प्रत्येकाकडं आहे. बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) नुसत्या अनुभवावर उभी नाही. नायकाची जात आपल्याला माहीत, भोवतालच्यांना नाही; म्हणून त्यांनी दाखवलेला प्रत्येक मान वाचताना पोटात गोळा येतो. 'बलुतं'मध्ये (1978) दगडू मारुती पवार आपली हकिकत दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे दोन केले, आणि शिकून पुढं गेलेला व वस्तीत अडकलेला यांच्यातली लाज बोलती झाली. ही कारागिरी आहे, बाबांनो. फी न भरता शिकता येते. पुस्तक मात्र दोनदा वाचावं लागतं. एकदा रडायला, एकदा कसं केलंय ते बघायला.

बेबीताई कांबळे फलटणला दुकानात बसून चोरून लिहायच्या, घरच्यांपासून कागद लपवायच्या. 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपानं आलं. त्यांना वर्ग मिळाला असता तर बरं झालं असतं की वाईट? मला वाटतं, त्यांना वर्गापेक्षा एक वाचणारं माणूस लवकर मिळायला हवं होतं.

असं वाचणारं माणूस औरंगाबादला होतं. बाबासाहेबांनी 1950 मध्ये तिथं कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. तिथल्या गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं. खेड्यातली, वसतिगृहातली पोरं तिथं छापून आली, मेळाव्यांत एकमेकांना भेटली, भांडली. पानतावणे 2018 मध्ये गेले. शिबिरांच्या जाहिराती वाढल्या, पण नवख्याचं लिखाण दुसऱ्यांदा वाचणारा संपादक शोधून सापडत नाही.

वैचारिक लिहायचं असेल त्यांनी 'मूकनायक' (1920) आणि 'बहिष्कृत भारत' (1927) काढा. वसंत मून यांच्या संपादनाखाली शासनानं ते ग्रंथरूपात छापलेत. एक अग्रलेख घ्या आणि विरोधकाचं म्हणणं बाबासाहेब आधी किती नीट मांडतात ते वहीत उतरवा. आपण विरोधकाला पहिल्याच ओळीत शिवी घालून मोकळे होतो. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तीही विचारून घ्या.

आणि वर्गच पाहिजे असेल तर रविवारी वंदना झाल्यावर विहारात पाच-सहा जण बसा. एकानं दोन पानं मोठ्यानं वाचायची, लिहिणाऱ्यानं तोवर गप्प राहायचं. वाचणारा जिथं अडखळेल तिथं खूण करा. आयाबायांना बसवून घ्या. कुठला शब्द खोटा ते त्या लगेच सांगतात. लाल शाई आणू नका, पेन्सिल चालेल.