कमी जावास्क्रिप्ट, मान्य. पण पुरावा किती?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला एक साधं वेब पान हवं होतं. मराठी वाक्य दिसावं, वाचणाऱ्याने तीनपैकी एक बटण दाबावं, पुढचं वाक्य यावं. बस्स. एवढ्यासाठी मी रिॲक्ट शिकायला बसले आणि तीन आठवडे गेले. मग एका सीनियरने ‘हायपरमीडिया सिस्टिम्स’ वाच म्हणून सांगितलं. कार्सन ग्रॉस, ॲडम स्टेपिन्स्की आणि डेनिझ अक्शिमशेक यांचं हे २०२३ सालचं पुस्तक वेबवर मोफत वाचता येतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ते जरूर वाचावं, पण सावध राहून. का, ते सांगते.

आधी पुस्तकाचं म्हणणं. साध्या एचटीएमएलमध्ये सर्व्हरकडे विनंती जाते ती लिंक किंवा फॉर्ममधून, आणि उत्तर आलं की अख्खं पान बदलतं. लेखक विचारतात, असं का? कुठल्याही बटणाला, रकान्याला विनंती पाठवता आली आणि पानाचा हवा तेवढाच तुकडा बदलता आला तर? ग्रॉस यांची एचटीएमएक्स ही छोटी लायब्ररी नेमकं हेच करते. बटणावर ‘एचएक्स-पोस्ट’ हे ॲट्रिब्यूट लिहायचं. सर्व्हर जेसन न पाठवता एचटीएमएलचा तयार तुकडा पाठवतो आणि ‘एचएक्स-टार्गेट’ सांगेल तिथे तो बसतो. स्वतः जावास्क्रिप्ट लिहायची वेळ क्वचितच येते. पुस्तकात फ्लास्कवर एक संपर्क-यादी आधी जुन्या पद्धतीने उभी केली आहे आणि मग तिच्यात एकेक सोय वाढवत नेली आहे. शिकवण्याची ही पद्धत मला फार आवडली. माझं पान दोन दिवसांत तयार झालं.

पुस्तकाची सर्वांत भक्कम बाजू मात्र कोड नाही, इतिहास आहे. ‘रेस्ट’ हा शब्द रॉय फील्डिंग यांच्या २००० सालच्या पीएचडी प्रबंधातला, पाचव्या प्रकरणातला. तिथली एक मुख्य अट अशी, की पुढे काय करता येईल हे सर्व्हरच्या उत्तरातल्या दुव्यांवरूनच कळावं. आज जेसन देणाऱ्या जवळपास प्रत्येक एपीआयला लोक ‘रेस्ट’ म्हणतात, आणि त्यात ही अट बहुधा नसतेच. खुद्द फील्डिंग यांनी २००८ मध्ये याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. तुमच्यासाठी धडा सरळ आहे. एखादी संज्ञा सगळे वापरतात म्हणून तुम्ही वापरू नका, मूळ प्रबंध उघडा.

आता पुराव्याकडे येऊ. या पद्धतीच्या बाजूने एक उदाहरण वारंवार दिलं जातं. काँटेक्स्ट या फ्रेंच माध्यम कंपनीने आपलं ॲप रिॲक्टवरून एचटीएमएक्सवर नेलं. २०२२ च्या जांगोकॉनमध्ये मांडलेले आकडे असे: कोडच्या ओळी सुमारे २१,५०० वरून ७,२०० वर, जावास्क्रिप्टची अवलंबित्वं २५५ वरून ९ वर. आकडे बघून डोळे विस्फारतात. पण थांबा. हे एकच ॲप आहे. शिवाय कोणताही कोड दुसऱ्यांदा लिहिला की तो आटोपशीर होतोच, कारण काय हवं आहे हे तोवर कळलेलं असतं. मग घट एचटीएमएक्समुळे किती आणि पुनर्लेखनामुळे किती? हे वेगळं काढायचं तर तेच ॲप पुन्हा रिॲक्टमध्येही लिहून बघायला हवं होतं. ते झालेलं नाही. एचटीएमएक्सवाल्यांनी स्वतःच लिहिलंय की हे ॲप या पद्धतीला फारच सोयीचं होतं आणि सगळीकडे असे आकडे मिळणार नाहीत. हा प्रामाणिकपणा मानायला हवा. आकडे पुढे पाठवणारे नेमकं तेच वाक्य गाळतात.

दुसरी अडचण मी स्वतः भोगली. माझ्या पानावर काम करणारी एक मुलगी रेंज जेमतेम असलेल्या गावातून वाक्यं तपासायची. तिने बटण दाबलं, नोंद सर्व्हरवर पोचली, पण उत्तर परत येण्याआधी रेंज गेली. पानावर काहीच हललं नाही. तिने पुन्हा दाबलं. एकाच वाक्याच्या दोन नोंदी! साध्या फॉर्ममध्ये ब्राउझर निदान ‘पान उघडलं नाही’ असं सांगतो. एचटीएमएक्सच्या पहिल्या दोन मुख्य आवृत्त्यांमध्ये विनंती फसली तर वापरणाऱ्याला आपणहून काहीच दिसत नाही, तो संदेश तुम्हालाच दाखवावा लागतो. म्हणजे ‘आम्ही एचटीएमएलच पुढे नेतो’ हा दावा इथे लंगडा पडतो. ब्राउझरने फुकट दिलेली एक सोय हातची जाते. चूक माझीही होतीच: प्रत्येक वाक्य आणि तपासनीस या जोडीला डेटाबेसमध्ये एकच नोंद चालेल, ही अट मी पहिल्या दिवशी घालायला हवी होती. ती नसल्याने विश्लेषण पुन्हा करावं लागलं.

तरीही पुढच्या प्रयोगाला मी हीच पद्धत वापरणार. फॉर्म, याद्या, शोध, सर्वेक्षण यांना ती पुरेशी आहे. ऑनलाइन स्प्रेडशीटसारख्या, प्रत्येक कळ दाबल्यावर बरंच काही बदलणाऱ्या कामांना ती योग्य नाही, हे लेखकही मान्य करतात. तुम्ही साधन निवडाल तेव्हा ‘किती ओळी वाचल्या’ एवढंच विचारू नका. ‘ते फसलं तर माझ्या डेटाचं काय होईल?’ हेही विचारा. प्रबंधात उत्तर त्याचंच द्यावं लागतं.