सोफ्यावरची डच फुलं

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारलं होतं, "हॉलमध्ये ती जुनी डच फुलांची चित्रं लावली तर कसं दिसेल?" लावा की! आमची तक्रार लावण्याबद्दल नाहीच. ती भिंतीवर येईपर्यंत त्यांचं जे होतं, त्याबद्दल आहे.

अम्ब्रोसियस बोस्खार्टचं १६१८च्या सुमाराचं चित्र घ्या. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. कमानीच्या खिडकीत काचेचा पेला, त्यात ट्युलिप, गुलाब आणि कितीतरी फुलं. मागे लांबवरचा निळसर मुलूख. आकार फक्त ६४ बाय ४६ सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या कॅलेंडरएवढा. बघायचं तर जवळ जावंच लागतं. आणि गेलं, की पानांना किड्यांनी पाडलेली भोकं दिसतात, खालच्या कट्ट्यावरचे शिंपले दिसतात.

आता याचीच पाच फुटी प्रिंट बघा. सोफ्याच्या रुंदीत बसावी म्हणून आडवी कापलेली. पहिला बळी कुणाचा? कट्ट्याचा! मग पेला जातो. उरतो तो फुलांचा ढीग. भोकं आता रुपयाएवढी झालेली असतात, पण दहा फुटांवर बसलेल्या पाहुण्याला ती डिझाइनच वाटतात.

हा गुच्छ तसा कधी कुठल्या टेबलावर नव्हताच, हेही लक्षात घ्या. वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं चित्रकार एकत्र आणत. यान फान हायसुमच्या लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका चित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत. वाट बघणं हा त्या कामाचाच भाग होता. आणि आपण ते घेतो कसं? पडद्याला मॅच होतंय का बघून!

पडद्यावरून आठवलं. हायसुमची काही पानं आज निळी दिसतात. त्याला ती निळी नको होती. हिरव्यातला पिवळा रंग काळाच्या ओघात उडाला. प्रिंटवाले ती निळाई इमानाने छापतात आणि आम्ही तिला शोभेल अशी निळी उशी आणतो. (हो, आमच्याही घरात आहे एक.)

तेव्हा बाई, प्रिंट लहानच घ्या, न कापलेली. हॉल सोडा. जेवणाच्या टेबलाशेजारी, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशी लावा. भात वाढेपर्यंत एखादं भोक सापडेल.