तेरची बाई आणि पॉम्पेईची बाई

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलं की पाय आपोआप एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीकडे वळतात. उंची वीतभरही नाही. "अश्शीच एक पॉम्पेईत सापडली," हे वाक्य आपण आधीच ऐकलेलं असतं. मीही तेच डोक्यात घेऊन गेलो आणि सुरुवातीला दुसरं काही पाहिलंच नाही. हे वाक्य नेमकं किती खरं, ते तपासायला हवं.

पॉम्पेईची मूर्ती १९३८ साली आमेदेओ माइउरी यांना एका घरात मिळाली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. व्हेसुव्हियसने इ.स. ७९ मध्ये शहर गाडलं, म्हणजे मूर्ती त्याआधीची, हे पक्कं. लामतुऱ्यांचा संग्रह गावातून, पांढरीच्या टेकाडांवरून जमलेला. त्यांच्यामुळे वस्तू वाचल्या, पण अशा वस्तू कोणत्या थरातल्या, हे सांगता येत नाही. तिथे पॉम्पेईची राख आपल्याला काळाचा अंदाज देते. हा उपयोग मोठाच आहे.

पण त्यावरून "पॉम्पेईची मूर्ती तेरलाच घडली" असं म्हणणं घाईचं. पॉम्पेईच्या बाईच्या दोन्ही बाजूंना दासी आहेत, तेरची एकटी आहे. पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. भोकरदनच्या १९७३ च्या उत्खननातला हस्तिदंती तुकडाही याच घराण्यातला. दोन नट एका मापाचे निघाले म्हणून ते एकाच कारखान्यातले ठरत नाहीत. तिला सरसकट "लक्ष्मी" म्हणणंही तसंच. तिच्यात वरून खाली भोक आहे. म्हणजे ती आरशाची मूठ किंवा छोट्या मेजाचा पाय असावी. पूजेची मूर्ती असण्याची शक्यता कमीच.

माझी खरी तक्रार पुढे आहे. रोमचं नाव निघालं की बाकीचं तेर दिसेनासं होतं. 'पेरिप्लस'मध्ये तगर येतं ते कापडासाठी: तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांनी, वाट नसलेल्या मुलखातून बॅरिगाझाला, म्हणजे भरूचला जाई. कापड कुजलं, हस्तिदंत टिकला, आणि कौतुक टिकलेल्याच्या वाट्याला आलं. विणकर राहूनच गेले. ज्या गावाने पुढे गोरा कुंभार दिला, तिथल्या मातीच्या बाहुल्यांसमोर आपण मिनिटभरही थांबत नाही.

म्हणून तेरला जाणाऱ्यांना एक सुचवतो. आधी त्रिविक्रम मंदिर पाहा. मागच्या बाजूने गोलाकार असलेली ती विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह मानली जाते. मग संग्रहालयात मातीच्या वस्तू बघा, आणि हस्तिदंती बाई शेवटी. तेव्हा ती एका जित्याजागत्या गावातली वाटते.

हे तरसालीत बसून लिहितोय, कारण भरूच आपल्याला सत्तर-एक किलोमीटरवर. आणि आपल्या अकोट्यातही इरॉसची आकृती असलेली रोमन कांस्यपात्राची मूठ मिळालीच आहे. "रोमन" म्हटलं की आपण खूश होतो आणि गप्प बसतो. पण ते पात्र अंकोट्टकात कोणी घेतलं, आणि बदल्यात काय दिलं? आपल्या मंडळाने आता हा प्रश्न हाती घ्यावा.